विंचवाचं बिऱ्हाड: अबार्थ पुंटो, सहा वर्षं आणि पासष्ट हजार किलोमीटर

माझ्या गाडीच्या डिकीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. आत चार स्पार्क प्लग, एक जादा इग्निशन कॉइल, थर्मोस्टॅट, होजच्या क्लिपा, फ्यूज, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि माझ्या क्लिनिकमधून निवृत्त झालेले दोन माउथ मिरर. इंजिनाच्या मागच्या बाजूला बोल्ट पडला की तो शोधायला दाताच्या डॉक्टरच्या आरशासारखं दुसरं हत्यार नाही, हे कुठल्याही मेकॅनिकला सांगा, तो दुसऱ्या दिवशी दात तपासायच्या निमित्ताने येईल आणि आरसा मागून नेईल. डब्याशेजारी कूलंटचा कॅन. नवरा बॅग ठेवायला गेला की दर वेळी विचारतो, "आपण महाबळेश्वरला चाललोय की गॅरेज टाकायला?"

गाडीच्या नाकावर विंचू आहे. त्याचं बिऱ्हाड पाठीवर असणारच.

मी साताऱ्यात दंतवैद्य आहे, वय बेचाळीस. २०१९च्या डिसेंबरात कोल्हापुरातून ही २०१६ची अबार्थ पुंटो सेकंडहँड घेतली तेव्हा मीटर ३१,४०० वर होता. आज ९६ हजारांच्या पुढे आहे. नव्या गाडीचे रिव्ह्यू वाचायचे तर ढिगाने आहेत. ही गाडी नवी मिळत नाही, त्यामुळे आता तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि सेकंडहँड घेणारे मात्र अजून फोन करून विचारतात. त्यांच्यासाठी हे.

आधी गाडी काय आहे ते. ऑक्टोबर २०१५मध्ये फियाटने ती आपल्याकडे ९ लाख ९५ हजारांना आणली, दिल्लीची एक्स-शोरूम किंमत. १३६८ सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. कंपनीचा दावा शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत. त्या वेळी दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक आपल्या बाजारात नव्हती. हेच इंजिन फियाटच्याच लिनिआ टी-जेट या सेदानमध्ये ११४ अश्वशक्तीचं होतं. इथे त्याला जरा व्यायामशाळेत पाठवलेलं. विंचू आला कार्लो अबार्थ या गाड्यावेड्या माणसाकडून: जन्म १५ नोव्हेंबर १९०८, रास वृश्चिक, म्हणून १९४९ला कंपनी काढली तेव्हा तिचं चिन्हही तेच.

आणि जन्म कुठला, तर रांजणगावचा. महागणपतीचं रांजणगाव. आम्ही अष्टविनायकाला गेलो तेव्हा सासूबाई गाडीला म्हणाल्या, "चला, माहेरी आलीस हो." माहेर मात्र तुटलेलं. २०१९च्या सुरुवातीला पुंटो आणि लिनिआ बंद झाल्या, फियाटचं नाव इथल्या शोरूममधून उतरलं. कारखाना चालू आहे, तिथून जीप आणि टाटाच्या गाड्या निघतात. पण आमच्या हिला विचारणारं तिथे कुणी नाही.

"फियाट घेतली" असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती दोन सेकंद गप्प बसली. आमच्या घरात फियाट म्हणजे बाबांची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगला गिअर, चाळीसेक अश्वशक्ती, घाटात चढताना बाबा पुढे वाकून बसायचे, जणू त्यांच्या वाकण्यानेच ती चढायची. "तीच का गं?" आईने विचारलं. "चढते का?"

चढते. यवतेश्वरचा घाट घ्या, सकाळी सहाला, कासच्या पर्यटकांच्या आधी. दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी तुमच्याशी बोलत नाही. गर्दीत, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये नुसती कुरकुर करते, तुम्ही खाली उतरून ढकलावं अशी तिची अपेक्षा असते. दोन हजारांच्या वर मात्र टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा होतो आणि मग चार-साडेचार हजारांपर्यंत एक सलग, जाड ओढ मिळते. ओरडा नाही, धक्का नाही. मागून कुणीतरी शांतपणे हात लावल्यासारखं. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पूर्ण दाबलं तर स्टिअरिंग हातातून एका बाजूला सुटू पाहतं. पुढच्या चाकांवर एवढा टॉर्क टाकला की असं व्हायचंच, आणि इथे चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल किंवा गाडी सावरणारं ईएसपी नाही. एबीएस आणि दोन एअरबॅग, बाकी तुम्ही आणि तुमचा उजवा पाय. जुलैत यवतेश्वरला मी दुसरा गिअर वळण संपल्यावरच दाबते. नव्याने गाडी शिकलेल्या मुलाला ही पावसात देऊ नका, एवढं स्पष्ट लिहिते.

या गाडीचं खरं सोनं स्टिअरिंगमध्ये आहे. ते हायड्रॉलिक आहे. गल्लीत पार्क करताना जड, ऐंशीच्या वेगात बरोबर वजनाचं. रस्ता खडबडीत झाला, ओला झाला, चाक पांढऱ्या पट्ट्यावर आलं, हे तळहाताला कळतं. नव्या गाड्यांचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग मी चालवते तेव्हा मला हातमोजे घालून नाडी बघितल्यासारखं वाटतं. रोज हातमोजे घालूनच काम करते, तरी.

बाकी उणिवा पटकन उरकते, कारण त्या चाचणीच्या दहा मिनिटांत तुम्हालाही दिसतील. बसायची जागा उंच. पायांपाशी अडचण. मागे मधला माणूस म्हणजे शिक्षा भोगणारा. डॅशबोर्ड त्याच्या काळाचा. शहरात साडेनऊ, हायवेला चौदाचं मायलेज होतं, ते अलीकडे घसरलंय, त्याबद्दल पुढे. गाडीचं रूप मात्र अजून वळून बघायला लावतं. मुळातला आकार २००५चा, जुजारोच्या स्टुडिओचा, आणि वीस वर्षांत तो जुना झालाय असं मला एकदाही वाटलं नाही. इथे मी पक्षपाती आहे.

आता पापांची कबुली.

आधीच्या मालकाने ब्लो-ऑफ व्हॉल्व, म्हणजे टर्बोची जादा हवा बाहेर सोडणारी झडप, लावलेला होता. पाय सोडला की बोनेटमधून "फुस्स". ताकद शून्याने वाढते, आवाज शंभराने. पहिल्या आठवड्यात पोवई नाक्यावर सिग्नलला माझं फुस्स झालं आणि शेजारच्या स्कूटरवरचे आजोबा खाली उतरून स्वतःचं मागचं चाक दाबून बघायला लागले. त्या संध्याकाळी तो व्हॉल्व काढला. मूळचा बसवला. मूळचा त्याने जपून ठेवला होता म्हणून बसवता आला, हे लक्षात ठेवा, कारण हीच गोष्ट मी पुढे विसरणार होते.

सप्टेंबर २०२०ला टायर. मूळचे १९५/५५ आर १६, मी २०५/५५ आर १६ टाकले, मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४. या गाडीवर केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तेव्हा जो फरक कळला तो कुठल्याही अश्वशक्तीने कळला नसता. शिवाय एक फुकटची भेट: चाकाचा व्यास अकरा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडीचं पोट साडेपाच मिलिमीटर वर जातं. ज्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे तिला साडेपाच मिलिमीटर म्हणजे दिवाळीचा बोनस. मीटर त्यामुळे पावणेदोन टक्के कमी दाखवतो. त्याच्या शंभरला तुम्ही पावणेदोन जास्त असता, कॅमेऱ्याखाली हे विसरू नका.

इतकी अक्कल दाखवल्यावर जानेवारी २०२१मध्ये मी तीस मिलिमीटरने खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. का, विचारू नका. फोटोत छान दिसत होत्या. पुण्यातल्या एका दुकानात बसवल्या, नाव सांगत नाही. त्या पोराची चूक नव्हती, त्याने मागितलं ते दिलं. १५५मधून तीस गेले, पुढे काय उरतं ते तुम्हीच बघा. आपल्याकडे गतिरोधकाचं एक मानक आहे, इंडियन रोड काँग्रेसचं: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वरून सतरा मीटर त्रिज्येचा गोल. असा गतिरोधक मी आमच्या गोडोलीत आजपर्यंत पाहिलेला नाही. आमच्याकडचा असतो हातभर रुंद, गुडघ्याच्या गोष्टी करणारा, आणि बहुधा नगरसेवकाच्या घरासमोर. चार महिने मी प्रत्येक गतिरोधक तिरकी होऊन ओलांडला. मागे हॉर्न वाजवणारे टेंपोवाले, पुढे खरर्र असा आवाज, आणि माझी मान आपोआप खांद्यात. शॉकला हालचालीची जागाच उरली नव्हती, त्यामुळे खड्ड्यात गाडी दगडासारखी आपटायची. चाकं आत झुकली आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेले. पंधरा हजार किलोमीटरसुद्धा न झालेले मिशेलिन.

परत मूळ स्प्रिंगा घालायला गेले तर दुकानात त्या सापडेनात. दोन दिवसांनी चार दिल्या. पुढच्या दोन माझ्या होत्या, मागच्या दोन कुणाच्या होत्या ते देव जाणे, लांबीच वेगळी. भांडले, मिळाल्या. तेव्हापासून माझा नियम: गाडीचं निघालेलं काहीही दुकानात राहणार नाही. आमच्या माळ्यावर आता एक पूर्ण विंचू सुट्या भागांत पडलेला आहे.

मग रीमॅप. हे जरा सविस्तर सांगते, कारण विचारणारे सगळे हेच विचारतात.

टर्बो इंजिनाला ताकद वाढवणं वरवर सोपं असतं. ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या, तक्त्यांत (यालाच मॅप म्हणतात) लिहिलेलं असतं की अमुक आरपीएमला टर्बोने किती दाब द्यायचा, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी किती आधी पाडायची. ते आकडे बदलले की इंजिन जास्त हवा घेतं, जास्त जाळतं, जास्त ओढतं. नट-बोल्टला हात लागत नाही. पण चांगला ट्यूनर आधी तुमची गाडी चालवून तिची नोंद घेतो, इंजिन ठोकतंय का, हवा किती गरम होतेय, मिश्रण पातळ होतंय का ते बघतो, बदल करतो, परत चालवतो. माझ्याकडे आलेला माणूस नोव्हेंबर २०२१ला लॅपटॉप घेऊन आला, केबल लावली, दहा मिनिटांत फाइल टाकली, बत्तीस हजार घेतले आणि चहा पिऊन गेला. फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची होती. मी घाईत हो म्हणाले हे माझं चुकलं. एखादा पेशंट येऊन म्हणाला की शेजाऱ्याची कवळी स्वस्तात मिळतेय, बसवून द्या, तर मी त्याला काय म्हणेन?

पहिले दोन महिने मजा आली, खोटं कशाला बोलू. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक असे मागे जायचे की जणू पार्क केलेत. मग एका रविवारी, त्याच चढावर, अडीच हजारांना पूर्ण दाबलं आणि आरपीएमचा काटा वर गेला, वेगाचा जागीच राहिला. क्लच घसरत होता. ताकदीचा आकडा वरच्या आरपीएमचा असतो, त्याने क्लचचं फारसं बिघडत नाही. मारतो तो खालच्या आरपीएमला अचानक येणारा टॉर्क. मूळ आकड्यांसाठी केलेल्या क्लचवर तो रोज ओतला की चकती जळते. नवा क्लच, मजुरीसकट तीस हजार. आणि मूळ मॅप परत टाकला.

आमचे मिस्त्री मामा, ज्यांच्याबद्दल आता सांगतेच, क्लचची जळकी चकती हातात धरून म्हणाले, "डॉक्टर, कंपनीत इंजिनेर बसलं व्हतं न्हवं? त्यास्नी काय पगार फुकटचा देत व्हते?"

मामा औद्योगिक वसाहतीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. तरुणपणी मुंबईत ताडदेवला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये होते. आमच्या भागातली किती माणसं मुंबईला गेली आणि पद्मिनीखाली आडवी पडून जगली याची गणती नाही. मी पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. "फियाट व्हय? मग मला शिकवू नका." बोनेट उघडलं आणि पुढची पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत.

पण शिकले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि मी लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन लावून दिलं की शेजारी स्टूल ओढून बसतो. फियाटवाल्यांनी हे सॉफ्टवेअर घेऊनच ठेवावं. साधी केबल, आणि इंजिनाची चूक कुठली, कूलंटचं तापमान किती, टर्बो किती दाब देतोय ते मराठी माणसाला समजेल अशा आकड्यांत दिसतं. "पेशंटचा एक्स-रे काढा आधी," मामा आता मलाच सांगतात.

टायमिंग बेल्टची गोष्ट या गाडीत कळीची आहे. टी-जेटमध्ये व्हॉल्व आणि पिस्टनचा ताल जुळवायला साखळी नाही, रबरी पट्टा आहे, आणि पाण्याचा पंपही तोच फिरवतो. पट्टा चालता चालता तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांच्या अंगावर जातात आणि मग इंजिन उघडण्याखेरीज गत्यंतर नाही. सेकंडहँड घेताना बिल दाखवा म्हणा; बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरा, मीटर कितीही कमी असो, कारण रबर नुसत्या किलोमीटरने नाही, वर्षांनीही म्हातारं होतं. माझी पाच वर्षांची झाल्यावर, २०२१मध्ये, बदलला. पंप, टेन्शनर, सगळं एकत्र. इथे एक मेख आहे. जुन्या गाड्यांवर मिस्त्री नेलपॉलिशची खूण करतात आणि खुणेवर खूण बसवून पट्टा चढवतात. इथे कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या शाफ्टच्या, पुलीला चावीची खाच नाही. शाफ्ट जागच्या जागी अडकवून ठेवणारी खास हत्यारं लागतात, नाहीतर पुली सैल केली की टायमिंग हललंच. ते किट मी सात हजारांना मागवलं. मामांचा अपमान झाला. "कुलूप लावून पट्टा बदलायचा? ह्या हातानं हजार पट्टे..." दोन दिवस शेडमध्ये गाडी तशीच उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन: "ते कुलूप घेऊन या." त्या दिवशी मी कंदी पेढे घेऊन गेले होते. किट मामांकडेच असतं आता, खडूने त्यावर "फियाट डॉक्टर" लिहिलंय आणि ते कुणाला उसनं देत नाहीत.

ब्रेकचा धडा मी स्वतःच्या निष्काळजीपणातून शिकले. मे २०२२, पाचगणीहून उतरत होतो, गाडीत पाच माणसं आणि स्ट्रॉबेरीच्या पेट्या. पसरणी घाट अर्धा उतरला आणि पेडल मऊ झालं. दाबलं की खाली जातं, गाडी थांबते पण उशिरा. उतारावर पाच माणसं घेऊन हे कळणं म्हणजे काय, ते पोटालाच माहीत. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनावर उतरवली, मध्ये दोनदा थांबले. मामांनी दुसऱ्या दिवशी ब्रेक ऑइल काढलं तर रंग कोऱ्या चहाचा. घेतल्यापासून मी ते बदललंच नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याचा तोच दर्जा १५५ अंश. घाटात डिस्क तापली, कॅलिपरमध्ये तेल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले आणि बुडबुडा दाबला की दबतो, ब्रेक लागत नाही. एवढंच विज्ञान, आणि बदलायचा खर्च हजार-बाराशे. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की. मोठ्या लाल कॅलिपरचे फोटो पाठवून "लावू का?" विचारणाऱ्यांना मी आधी हे विचारते की तेल कधी बदललं होतं. उत्तर बहुतेक वेळा येतच नाही.

पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं, ऐंशी हजार किलोमीटरला संपले, ते आपल्या रस्त्यांवर संपणारच. मी शहाणपणा करून पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे, घातले. वळणात गाडी कापल्यासारखी वळायला लागली, खरं आहे. आणि प्रत्येक गतिरोधकावर जुन्या झोपाळ्यासारखी करकरायलाही लागली. सहा महिन्यांनी साधे रबरी. नऊ हजार पाण्यात.

हिशोब एकदा कागदावर मांडला. रीमॅप बत्तीस, क्लच तीस, स्प्रिंगा काढ-घाल चोवीस, खाल्लेले दोन टायर बावीस, पॉलीचे बुश नऊ. एक लाख सतरा हजार रुपये, आणि आज गाडीवर त्यातलं फक्त क्लच आणि ते दोन टायर आहेत. उरलेलं सगळं माळ्यावर किंवा हवेत. नवऱ्याला हा कागद सापडू नये म्हणून क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ स्वरूपाला हात लावता येत नाही, आणि जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो दर वर्षी पेपरात येतात, तुमच्या मोठ्या एक्झॉस्टलाही तोच न्याय. आणि विमा: न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकतो. पोलिसापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. माझा एक्झॉस्ट मूळचा आहे. आवाज मला ड्रिलचा दिवसभर पुरतो.

पेट्रोल. ही गाडी आली तेव्हा पंपावर वीस टक्के इथेनॉल नव्हतं. आता सगळीकडे तेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, त्यामुळे माझं हायवेचं चौदा आता तेराच्या आसपास आलंय. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची ठोकणं टाळायची ताकद, उलट वाढलं, इंजिन ठोकत नाही, ती तक्रार नाही. काळजी रबराची, इथेनॉलने त्याला तडे जातील याची. दर पावसाळ्याआधी मामा इंधनाच्या सगळ्या नळ्या वाकवून बघतात, तडा दिसला की बदलतात. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात दोनदा भरून पाहिलं, लिटरला दीडशेच्या वर मोजून. मूळ मॅपवर काडीचाही फरक कळला नाही. त्या पैशात वेळेवर ऑइल बदला: पूर्ण सिंथेटिक ५ डब्ल्यू ४०, मी सात हजार किलोमीटरला बदलते. आणि घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर तरंगत असतं.

सुट्या भागांचं लोक समजतात तेवढं वाईट नाही. सस्पेन्शनचं आणि पत्र्याचं बरंच साध्या पुंटोचं चालतं, इंजिनाचं लिनिआ टी-जेटचं. पुण्यात नाना पेठेत दोन-तीन काउंटर असे आहेत जिथे "टी-जेट" म्हटलं की माणूस मान वर करतो. उरलेलं युरोपातून: तिकडे हेच इंजिन फियाट ५०० अबार्थ आणि अल्फा मिटोमध्ये होतं, माल भरपूर आहे, फक्त कस्टम आणि कुरिअर धरून किंमत दीड-दोन पट होते. अवघड आहे ते फक्त अबार्थचंच जे आहे ते. विंचवाच्या आकाराची अलॉय, ग्राफिक्स, आतली पिवळी-लाल शिवण. एक अलॉय खड्ड्यात वाकलं की दुसरं शोधायला महिने जातात, म्हणून घेताना चारही चाकं फिरवून बघा.

घ्यायची कुणी? ज्याच्या घरात दुसरी गाडी आहे, ज्याला एक मामा सापडलाय किंवा शोधायची तयारी आहे, आणि ज्याला पार्ट यायला तीन आठवडे लागले तर झोप उडत नाही, त्याने जरूर. साठ हजार किलोमीटरच्या आत चाललेली, न छेडलेली, मूळ मॅपवरची बघा. बोनेटमधून फुस्स येत असेल तर मालकाला विचारा, बाकीचं सामान कुठे आहे. रोज पुणे-हिंजवडी करणाऱ्याने मात्र नका घेऊ, त्या रांगेत दोन हजारांच्या वर काटा जायचाच नाही आणि तुम्ही फक्त क्लच आणि पेट्रोल जाळाल.

माझ्या पट्ट्याला २०२६ला पाच वर्षं होतात. नवं बेल्ट किट मागच्या आठवड्यात आलंय, डिकीत बिस्किटांच्या डब्याशेजारी आहे. मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ते झालं की लावायचं ठरलंय. त्यांनी नातवाला शेडवर बोलवायला सुरुवात केलीय. परवा त्या पोराच्या हातात माझा माउथ मिरर होता आणि मामा मागे उभे राहून त्याला ओरडत होते, "कुलूप आधी, पट्टा मागनं."